उपवासाला चालणारा कॅन

शेजारच्या शैलावहिनी नवरात्राचे नऊही दिवस उपवास करतात. यंदा त्यांच्या देवघराच्या उंबऱ्यावर एनर्जी ड्रिंकचा कॅन दिसला.

"यात धान्य नाही, कांदा-लसूण नाही. उपवासाला चालतं," त्या म्हणाल्या. "आणि काय तरतरी येते!"

तरतरी खरीच होती. सकाळपासून त्यांनी अख्खं घर धुऊन काढलं होतं. पण रिकाम्या पोटी आलेल्या या बळावर माझा काही विश्वास बसेना. चष्मा लावून मी कॅनवरची बारीक अक्षरं वाचली: लहान मुलांनी, गरोदर बायकांनी पिऊ नये.

वहिनी नंदादीपात तेल घालत होत्या. हात इतका थरथरत होता, की निम्मं तेल पाटावरच सांडलं.

"देवीला दाखवाल का याचा नैवेद्य?" मी विचारलं.

"छे! तिला कशाला असलं काही?"