सव्वापाच फुटांचं क्लूनरा

फिंटन गेराटीच्या उजव्या डोळ्यातला मधला भाग आधी गेला. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. डावा डोळाही त्याच वाटेने निघालाय असं स्लायगोच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग स्टेशनाचं बघायला हवं."

त्याची बायको इटा शेजारीच बसली होती. तिला वाटलं होतं, हा गाडी चालवण्याचं विचारेल, पेपर वाचण्याचं विचारेल, निदान 'आता आपलं कसं' असं तरी म्हणेल. पण याच्या 'आपलं'मध्ये स्टेशन आधी येतं आणि माणसं मागून, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिने पर्समधल्या जपमाळेवर बोट ठेवलं.

स्टेशन म्हणजे क्लूनरा स्टेशन. खरं क्लूनरा फिंटन लहान असतानाच बंद झालं. त्या वाटेवर आता गाई चरतात आणि स्टेशनमास्तरांच्या घरात जनावरांचा डॉक्टर बसतो. फिंटनचं क्लूनरा होतं परसातल्या शेडमध्ये, कमरेच्या उंचीच्या फळ्यांवर. दगडी इमारत, दोन फलाट, मालधक्का, सिग्नलची केबिन, सगळं हुबेहूब पण छोटं, इमारत दोन तळहातांत मावेल एवढी. त्याचे वडील त्या स्टेशनात पोर्टर होते. म्हातारपणी ते शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि चुका काढायचे. "पाण्याची टाकी त्या कोपऱ्यात गळायची, तिथे शेवाळ लाव." "मास्तरीणबाईंच्या गुलाबांना एवढी फुलं जन्मात आली नाहीत, निम्मी काढून टाक." फिंटन चिमट्याने निम्मी फुलं काढायचा. इटा चहा घेऊन आली की सासरे म्हणायचे, "बघ, माझी नोकरी गेली, पण मला साहेब केलंय याने."

आता सासरे नव्हते, आणि नोव्हेंबर लागायच्या आत घरही सोडायचं होतं. घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, भाड्याचं. गाडी चालवता येत नसताना गावाबाहेर राहायचं कसं, म्हणून मुलगी सोर्शा त्यांना लिमरिकला नेणार होती, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या खोलीत पलंग ठेवला की कपाटाचं दार उघडत नाही. तिथे स्टेशन कुठे उतरवू?" एका संग्रहालयाला विचारलं. त्यांनी फार गोड शब्दांत नाही म्हटलं. शेड रिकामी झाली नाही तर कौन्सिलची माणसं येऊन सगळं ट्रकात टाकणार, हे इटाला ठाऊक होतं. फिंटनलाही होतं.

उरला एकच माणूस. टर्लक बेर्न. त्याचं नाव त्या घरात कोणी घेत नसे.

टर्लक बेकरीवाला. तरुणपणी दोघांनी मिळूनच क्लूनरा बांधायला घेतलं होतं. बिनसलं ते रुळांवरून. आयर्लंडची रेल्वे सव्वापाच फुटी, शेजारच्या इंग्लंडपेक्षा चांगली पाऊण वीत रुंद. पण दुकानात मिळतात ते छोटे रूळ इंग्रजी गाड्यांसाठी केलेले. सगळा देश आपल्या आयरिश गाड्या त्याच अरुंद रुळांवर चालवतो आणि भागवून घेतो. छोट्या मापात फरक पडतो साडेचार मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाच्या अर्ध्याएवढा. फिंटनला तो चालेना. "धिप्पाड माणसाला पोराची चड्डी घातल्यासारखं दिसतं," तो म्हणाला. त्याने स्वतः रूळ करायचं ठरवलं. रुळांखालच्या एकेका स्लीपरला कथलाचा डाख देऊन रूळ बसवायचे, प्रत्येक डब्याची चाकं काढून, आस लांब करून परत घालायची.

"अरे, हातभर लांबून कोणाला दिसणार आहे?" टर्लक म्हणाला.

"मला दिसतं."

"तुझे रूळ होईपर्यंत आपण दोघं मरू. गाडी कधी पळवायची?"

"ज्याला नुसती गाडी पळवायची आहे त्याने जत्रेत जावं."

टर्लक टोपी घालून निघून गेला. त्याने चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये क्लब काढला, दुकानी रुळांचा. तिथे माणसं जमली, पोरंसोरं जमली, दर ईस्टरला प्रदर्शन व्हायला लागलं. फिंटन शेडमध्ये एकटा डाख देत बसला. पुढे दोघं दिसायचे ते फक्त रविवारी चर्चमध्ये. मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, मध्यात 'शांती असो' म्हणत शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ येते. ती वेळ चुकावी म्हणून एक जण डावीकडच्या बाकांवर बसायचा आणि दुसरा उजवीकडच्या. फादर बदलले, बाकांना नवी गादी आली, पण या दोघांच्या जागा हलल्या नाहीत. देवाच्या घरात येऊन देवालाच चकवायचं, हे इटाला फार लागायचं. तिने कितीदा सांगून पाहिलं होतं. फिंटन म्हणायचा, "तो आधी बसतो तिकडे."

या वेळी तिने सांगितलं नाही. संत ज्यूडपुढे मेणबत्ती लावली, कारण जिथे काहीच होण्यासारखं नसतं तिथे त्यालाच हाक मारतात. मग फिंटनचा दंड धरून ती त्याला सरळ उजवीकडे घेऊन गेली.

"ही आपली बाजू नाही," तो कुजबुजला.

"माझा गुडघा दुखतोय. बस इथे."

पुढच्या बाकावरची रुंद पाठ फिंटनला दिसली नाही. वेळ आली, पाठ वळली, हात पुढे आला. फिंटनने तो धरला आणि तिथेच थांबला. भट्टीने पोळलेला तो तळवा त्याला डोळ्यांवाचून ओळखू आला. त्याने हात सोडला नाही, आणि टर्लकनेही काढून घेतला नाही.

फाटकाबाहेर फिंटन इटाला म्हणाला, "तू हे मुद्दाम केलंस."

"मी गुडघ्यासाठी बसले."

टर्लक मागून आला. "डोळ्यांचं कानावर आलं. वाईट झालं."

"तुझ्या क्लबात जागा आहे का?" फिंटनने विचारलं. प्रस्तावना वगैरे काही नाही.

टर्लक त्याच संध्याकाळी आला. इटाने सोडा ब्रेड आणि चहा शेडमध्येच नेला. चहा निवला तरी टर्लकने कपाला हात लावला नव्हता. तो वाकून टाकीच्या कोपऱ्यातलं शेवाळ बघत होता, गुलाब बघत होता. मग गुडघ्यावर बसून त्याने रुळांच्या पातळीवर डोळा आणला.

"तू खरंच केलंस की रे," तो म्हणाला. "सगळे."

"सगळे. मागे डबे उभे करायच्या सायडिंगचे पण."

"लेका, तू गाढव आहेस."

"हो."

दोघं हसले. इटाला वाटलं, झालं, संताने ऐकलं. तिने मनातल्या मनात क्रूसाची खूण केली.

टर्लक उठून उभा राहिला. त्याला बोलायला जड जात होतं. "फिंटन, आमच्यातल्या एकाचीही गाडी यावर चालायची नाही. एकाचीही नाही. हॉलमध्ये मांडायचं तर गाड्या पळायला हव्यात. लोक पोरं घेऊन येतात. नुसतं उभं स्टेशन कमिटी घेणार नाही, मी सांगितलं तरी."

"माझ्या गाड्या आहेत."

"तुझ्या तीन गाड्या. चालवणार कोण? बिघडल्या तर दुरुस्त कोण करणार?"

फिंटनचं बोट रुळावरून फिरत राहिलं.

"रूळ काढावे लागतील," टर्लक म्हणाला. "आमचे घालू. बाकी सगळं तसंच ठेवू. शब्द देतो."

इटा नवऱ्याकडे बघत राहिली. शेवटी फिंटन म्हणाला, "काढायचे तर मी काढीन."

टर्लक गेल्यावर ती म्हणाली, "त्यांची माणसं काढतील की. तुला दिसत नाही नीट."

तेव्हा त्याने तिला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. क्लूनराची लाइन बंद झाल्यावर रूळ उखडायचं काम कंपनीने आपल्याच माणसांना दिलं होतं. त्याचे वडील त्या टोळीत होते. ज्या फलाटावर ते रोज झाडू मारायचे, त्यालाच पाठ लावून ते पहारीने रूळ उचकटत होते. शेवटची गाडी भरली आणि त्यांना घरी पाठवलं. "मी कुंपणावर बसून बघत होतो," फिंटन म्हणाला. "परक्याने काढले असते तर बाबांना जास्त लागलं असतं, असं ते म्हणायचे. मला तेव्हा कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेला. इटा दाराशी स्टुलावर बसली, हातात जपमाळ. त्याने पातळ पातं स्लीपरखाली सरकवलं आणि बोटांनी चाचपत पुढे न्यायला लागला. पण त्याने स्वतःच सगळं इतकं पक्कं बसवलं होतं, की रूळ, खडी आणि फलाट यांचं एक अंग झालं होतं. पातं सरकलं तशी रुळासोबत फलाटाची कडाही निघायला लागली. एकेक रंगवलेला दगड, सासऱ्यांनी सांगून सांगून छटा बदलून घेतलेला. फिंटनला ते दिसत नव्हतं. तो मान थोडी तिरपी करून, डोळ्याच्या कडेने काहीतरी दिसतंय अशा समजुतीत, एका लयीत ओढत होता. चेहरा शांत होता. कितीतरी दिवसांत तो एवढा शांत दिसला नव्हता.

इटाने जपमाळेचा एक मणी सोडला, दुसरा सोडला. सांगावं की नाही, हे तिला कळेना. देवा, तू सांग, असं ती म्हणाली, आणि देव काही बोलला नाही. तोवर अर्धा फलाट गेला.

"फिंटन," ती म्हणाली. "थांब."

"काय झालं?"

"फलाट येतोय सोबत."

त्याने पातं खाली ठेवलं. कडेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. खालचं लाकूड लागलं. "केव्हापासून?"

"सुरुवातीपासून."

तो तिच्याकडे वळला, म्हणजे तिच्या किंचित बाजूला. तिला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मघाशीच का नाही बोललीस?"

"तू चांगला दिसत होतास," ती म्हणाली. तेवढंच खरं होतं.

त्याने मान हलवली आणि उरलेले रूळ काढायला घेतले. आता जपून काढण्याची गरज नव्हती, त्यामुळे काम लवकर झालं. मालधक्का तुटला. सिग्नलच्या तारा गेल्या. दुपारी तो घरात येऊन हात धुऊन जेवायला बसला आणि बटाटे बरे झालेत म्हणाला.

शनिवारी टर्लक व्हॅन घेऊन आला. शेडमध्ये शिरला आणि दारातच उभा राहिला. मग त्याने टोपी काढली.

"काय चालेल ते ने," फिंटन म्हणाला.

टर्लकने स्टेशनची इमारत, केबिन आणि टाकी पावाच्या ट्रेमध्ये ठेवली. रिकाम्या व्हॅनमध्ये ट्रे घसरू नये म्हणून भोवती पिठाची पोती लावली. मग इटाला बाजूला घेऊन म्हणाला, "हॉलमधलं आमचं गाव वेगळं आहे, इटा. त्याचं नाव क्लूनरा नाही. इमारत तिथे बसेल, पण…"

"त्याला नको सांगूस."

"ऐकू येतं मला," फिंटन आतून म्हणाला. "डोळे गेलेत. पाटीवरचं नाव काढून टाक, टर्लक. उगाच लोक विचारतील, हे गाव कुठे आहे."

फळ्या कौन्सिलचीच माणसं घेऊन गेली, जुन्या लाकडाच्या गाडीत. इटाने शेड झाडली. खडी एवढी बारीक होती की फटींत बसलेली निघेना. तिने ओल्या फडक्याने पुसून काढली. लिमरिकला निघायच्या सकाळी सोर्शा बॅगा भरत होती, तेव्हा फिंटन परसात उभा होता.

"काय उरलंय आत?" त्याने विचारलं.

"काही नाही. जमीन."

"कुलूप लावलंस?"

"कशाला लावू?" इटा म्हणाली, आणि त्याचा दंड धरून त्याला गाडीकडे घेऊन गेली.