पापनाशमपर्यंतचे तीन रविवार

तंजावूरला गाडीतून उतरले तेव्हा माधवराव फलाटावर उभे होते. माझ्या कचेरीतल्या मैत्रिणीचे हे मामा. पिढ्यान्पिढ्या तंजावूरचेच मराठी, गणिताचे निवृत्त शिक्षक, वय सहासष्ट. कामासाठी मी नाशिकहून तीन आठवडे येणार हे कळल्यावर त्यांनी फोनवरच माझा लॉजचा बेत मोडून काढला होता.

"येवा, येवा. आधीं कॉफी होणें की घर?" त्यांनी विचारले. (होणें म्हणजे हवे.)

त्यांचे घर राजवाड्यामागच्या गल्लीत. नातवंडांना मराठी समजते, पण उत्तर येते तमिळमध्ये. त्यामुळे बोलायला मी मिळाले याचा मामांना केवढा आनंद! अंबट भाजी (चिंचेच्या कोळातली पालेभाजी) वाढतानाही विचारत, "तुमच्याकडे यास काय म्हणतात?" मी सायकल चालवते हे कळताच त्यांनी मुलीची जुनी सायकल काढली, साखळीला तेल घातले आणि सीट माझ्या मापाने वर केले.

त्यांचा आठ जणांचा सायकल क्लब होता. बहुतेक त्यांचेच जुने विद्यार्थी. कुणी बँकेत, कुणी दुकानात, सेंथिल इंजिनियर. क्लब मामांनी सुरू केलेला आणि नियम एकच: शेवटच्या माणसाची चाल ती सगळ्यांची चाल.

पहिल्या रविवारी उजाडता उजाडता निघालो. कालव्याच्या कडेने नारळ, पुढे कापणी झालेली शेते. गावांतून अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेले असते. त्यावरून माझे चाक घसरले आणि मी पडले. भात राखणाऱ्या बाईने आम्हाला चांगलेच सुनावले. मामांनी तिची माफी मागितली, बाटलीतल्या पाण्याने माझा गुडघा धुतला, आणि मी चालवू शकेन असे म्हणेपर्यंत सगळा क्लब उन्हात थांबला. पापनाशमच्या बस स्टँडजवळ क्लबची नेहमीची कॉफीची टपरी आहे. तिथे पोहोचायला दोन तासांच्या वर लागले.

टपरीवर मामा हात धुवायला गेले तेव्हा सेंथिल हळूच इंग्रजीत म्हणाला, "अक्का, तुम्ही चांगली चालवता. आमचा आणखी एक ग्रुप आहे. बुधवारी जातो, जोरात. सरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

मी फोन पुढे केला. त्याने मला त्या ग्रुपमध्ये घेतले. मामा सोडून सगळे त्यात होते.

बुधवारी मी गेले. मामांना सांगितले, एकटीच जरा फिरून येते. खोटे सांगावे लागतेय याचे वाईट वाटले, पण वेण्णार नदीच्या पुलावर वेग धरला तेव्हा ते वाईट वाटणे मागे राहिले. दुसऱ्या रविवारी मामांच्या चालीने जाताना मला पहिल्यांदा कंटाळा आला. सेंथिलने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि मी हसले. मामा मागून सांगत होते, या कालव्यात ते पोहायला शिकले.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर निरोप आला: उद्याची राइड रद्द. दुसऱ्या ग्रुपवर पाठोपाठ आला: पाच वाजता, पापनाशम.

"रद्द झाली हो," मामा म्हणाले. "तुमचा शेवटला रविवार. आपण दोघें जाऊं?"

"मी एकटीच जाते, मामा. पापनाशमपर्यंत एकदा जोरात चालवून बघायचीय."

त्यांनी फोन खिशात ठेवला. "बरं," म्हणाले. "जपून जावा."

पहाटे मी फाटक आवाज न करता लावले. तासा-सव्वा तासात आम्ही टपरीवर होतो. शेवटचा रविवार म्हणून मी सगळ्यांना इडली-पोंगल खाऊ घातले, गप्पा रंगल्या. सेंथिल सरांच्या चालीची नक्कल करत होता. मी हसत होते. तंजावूरहून आलेली बस थांबली आणि तीतून मामा उतरले.

एका हातात डबा, दुसऱ्या हातात माझी जादा ट्यूब आणि पंप. घाईत मी ते ओसरीवरच विसरले होते.

सेंथिल उठून उभा राहिला. मामांनी आठही तोंडांकडे एकदा पाहिले. मग विद्यार्थ्यांना वर्गात विचारावे तसे एकेकाला नावाने विचारले, बायको बरी आहे ना, मुलाची परीक्षा कशी गेली. माझ्यासमोर ट्यूब ठेवली.

"एकटी बाई, वाटेंत पंक्चर झालं तर काय कराल, म्हणून आलों," ते म्हणाले. "डबा एकीचाच आणलाय. इतक्यांस पुरणार नाहीं."

"मामा, मी सांगणार होते."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळले नाही. कॉफी न घेता ते रस्ता ओलांडून परतीच्या बसला गेले. खिडकीजवळ बसले, पण बाहेर पाहिले नाही.

नंतर दोन दिवस मी त्या घरात होते. सकाळी कॉफी तशीच यायची, ताटात भाजी तशीच पडायची. फक्त मामा माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी मराठीत विचारायचे, ते शुद्ध, सभ्य इंग्रजीत उत्तर द्यायचे. माफी मागितली तेव्हा म्हणाले, त्यात माफी मागण्यासारखे काही नाही. तेही इंग्रजीतच. स्टेशनावर सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत थांबले. त्यांनी कशातच कमी केले नाही, हेच मला सोसवेना.

नाशिकला आल्यावर मैत्रिणीने विचारले, "मामा कसे वाटले?" मी म्हणाले, फार छान माणूस. आठवड्याने धीर करून तिकडे फोन लावला. मामींनी घेतला.

"ह्यांनीं आपली सायकल देऊन टाकली की. वय झालं म्हणतात. देऊं का त्यांस फोन?"

पलीकडे मामांचा आवाज आला, तमिळमध्ये, दोनच शब्द.

"बाहेर गेले हैत," मामी म्हणाल्या.

"बरं," मी म्हणाले. "काही घाईचं नाही."