अजून बोलतंय

खडेबाजारातल्या एका बोळात रवळूअण्णांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, आत दोघं बसले की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. पूर्वी तिथं पेट्या दुरुस्त व्हायच्या. भजनी मंडळांनी कीबोर्ड घेतले तसे अण्णा गिटारीकडे वळले, आणि इलेक्ट्रिक गिटारचं नट बदलायचं असलं की रवळूअण्णांकडे टाक, असं बेळगावात म्हणायची रीत पडली. मी बेळगावच्या कॅम्प भागात गिटार शिकवते. त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाइकांत माझा नंबर बराच वरचा.

नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशी बसवलेली हाडाची बोटभर पट्टी. तिच्यात सहा खाचा, एकेका तारेसाठी एकेक. खाच तारेच्या मापाची, तळाला गोल आणि खुंटीकडे किंचित उतरती हवी. जास्त खोल गेली तर पट्टीच फेकून द्यावी लागते. आत कुसळाएवढा खरबरीतपणा राहिला तर तार अडकते आणि खुंटी पिळताना 'टिक' करून उडी मारते. मग सूर हातात येता येता निसटतो. अण्णा बारीक कानस फिरवायचे, जुन्या तारेला पॉलिश पेपर गुंडाळून खाच घासायचे, आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या यशोदाबाई, म्हणजे त्यांची बायको, खुंटी हळूहळू पिळायच्या. "अजून बोलतंय," त्या म्हणायच्या. अण्णा पुन्हा घासायचे. खाच गप्प झाली की काम झालं. नवराबायकोचं इतकं बिनभांडणाचं बोलणं मी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही, माझ्या घरी तर नाहीच.

एकदा अण्णा चहा सांगायला गेले होते. यशोदाबाई पदरानं खुंटी पुसत अगदी सहज बोलल्या, "त्यास्नी त्यो टिक ऐकू येत न्हाय गं. चार वर्सं झाली. मला येतंय न्हवं, मग झालं की. सांगू नगंस."

मला खरंच वाटेना. समोर बसून बोललं की अण्णांना सगळं नीट ऐकू यायचं. पण बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानातून गेले होते, आणि ते गेले हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते आपले मिस्त्री, बायको मदतनीस, असा त्यांचा हिशोब. यशोदाबाईंनी तो कधी मोडला नाही. मीही सांगणार नाही म्हणून कबूल केलं.

गेल्या चैत्रात यशोदाबाई गेल्या. पंधरा दिवसांनी अण्णांनी दुकान उघडलं. स्टूल तिथंच होतं, पण त्यावर आता डबा ठेवलेला असायचा. स्वतःच घासायचे, स्वतःच खुंटी पिळायचे आणि मान डोलवायचे. मला म्हणाले, आता खाच एका हातात गप्प होते, हात लई साफ बसलाय; ती असती तर तिला नवल वाटलं असतं.

मी गिटार घरी आणली, खुंटी पिळली. टिक. सहापैकी चार खाचा बोलत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वडीलधाऱ्यांची चूक तोंडावर दाखवायची नाही, हे बाळकडू मला मिळालेलं, वर दिलेला शब्द. खरं सांगायचं तर भित्रेपणाच. विद्यार्थ्यांच्या गिटारी अण्णांकडे द्यायच्या आणि परत आल्या की घरी गुपचूप खाचा घासायच्या, असा उद्योग मी आठ महिने केला. बाकीच्या गिऱ्हाइकांना एवढी माया कुठली? ते गिटारी कोल्हापूरला नेऊ लागले. अण्णांच्या भिंतीवरचे खिळे एकेक करून रिकामे झाले. आता सांगितलं नाही तर दुकान जाणार, आणि सांगितलं तर अण्णांचा त्या हातावरचा विश्वास जाणार.

शेवटी एका रविवारी गिटार घेऊन मी काकतीला त्यांच्या घरी गेले. दाराशी चिमणीच्या आवाजाची बेल आहे. ती दाबली. आत चिवचिव झाली. पुन्हा दाबली. बोळातल्या खिडकीतून पाहिलं तर अण्णा दारापासून चार हातांच्या अंतरावर बसून कानस पुसत होते. मानही वळली नाही.

शेजारच्या मालुबाई भांडं घासता घासता म्हणाल्या, "न्हाय उघडत त्ये. आमी नाद सोडलाय."

मी खिडकीतून हात हलवला तेव्हा अण्णांनी दार उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला माझीच लाज वाटली. स्वतः चहा केला. साखर दुप्पट पडली होती, तरी मी तो संपवला. मग एकदम म्हणाले, "ती हुती तवर उंबरा झिजवत हुती मान्सं. ती गेली, एक मानूस फिरकलं न्हाय. आठ महिन्यांत तू पयली."

खाचेचं जे सांगायला आले होते ते मागंच राहिलं. मी विचारलं, "अण्णा, बेल?"

बेल कवाचीच बंद पडली, ते म्हणाले. चार-पाच वर्षं झाली. तिची वाटेवर नजर असायची, म्हणून ती बरोबर दार उघडायची.

मी त्यांना उंबऱ्यात उभं केलं आणि बटण दाबलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. कशाला दाबतेस, असा तो चेहरा. पलीकडे मालुबाईंनी मात्र भांडं ठेवून मान वर केली.

अण्णांनी ते पाहिलं.

"मालू," त्यांनी विचारलं, "वाजली?"

"वाजली की." मालुबाई उठून हात पुसत कुंपणाशी आल्या. "अण्णा, दोन महिनं रोज सांजंला भाकरी घिऊन उभी ऱ्हायले मी हितं. माझी वयनी गेली, तुमास्नी आमी नगं झालो, असं वाटलं मला."

अण्णांनी माझ्याकडे, मग मी आणलेल्या गिटारीकडे पाहिलं. "आनि खाचा?"

"बोलतात, अण्णा."

"तिला ठावं हुतं?"

मी होय म्हणून मान हलवली. ते चिडतील असं वाटलं होतं; निदान माझ्यावर तरी चिडायला हवं होतं. पण त्यांनी भिंतीला हात टेकला, अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. नजर मालुबाईंच्या तोंडावर. मालुबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, वाजली. त्यांनी पुन्हा दाबलं. वाजली. पुन्हा दाबलं, आणि मालुबाई काय म्हणतात त्याची वाट बघत उभे राहिले.