एक किणकिण राहिली

आमच्या सांगलीच्या घरमालकांइतका तिखट कानाचा माणूस आजवर झाला नाही आणि देवाच्या कृपेनं पुन्हा होऊही नये. मी वडूजचा, बँकेच्या बदलीनं सांगलीत येऊन पडलेला सडाफटिंग भाडेकरू. माझ्या खोलीचं दार कितीही हळू लावलं तरी खालून हाक यायचीच, "गड्या, बिजागरीला तेल घाल रं!" फौजेत सिग्नलला कानाला हेडफोन लावून त्यांची उमर गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिरजेहून एक पेटी आणली आणि आपलं वादन आपणच कॅसेटवर भरायला लागले. ऐकायला मी एकटाच, तोही भाडेकरू म्हणून.

पण प्रत्येक कॅसेटमध्ये मालकांच्या जोडीला त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकी, होत्याच. भैरवी जरा रंगात आली की आधी बांगड्या किणकिणायच्या आणि मग हाक यायची, "आवं, चहा गार हुतोय!" मालकांची पेटी थांबायची नाही, आणि काकी तर त्याहून थांबायच्या नाहीत. त्यांच्या पुण्याच्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. स्वतः यायला त्याला सवड नव्हती. त्यात नको तो आवाज कापून काढता येतो हे कळल्यावर मालकांनी शड्डूच ठोकला. "माझा आवाज पुसायला येवढं मोठं मशीन?" काकींनी विचारलं. "व्हय!" मालक म्हणाले. काकी हसत हसत चहा ठेवून गेल्या.

मग काय विचारता! पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसायची. मालक ती ताणून ताणून मोठी करायचे, माउस धरायचे आणि श्वास रोखायचे. रेघ मधल्या आडव्या रेषेला टेकते नेमकी तिथंच सिलेक्शन सुरू करायचं आणि तशाच जागी संपवायचं. जरा इकडंतिकडं झालं की सांध्याला 'टक्' वाजतं. "ऊस कसा बुडख्याला तोडत्यात? खुंट ठेवायचा न्हाई आन् माती उकरायची न्हाई. तसं हाय हे." एकदा ऐन सिलेक्शनच्या वेळी लाईट गेली. पडदा काळाठिक्कर, आणि मालक माउसवर बोट दाबून तसेच बसलेले. म्हटलं, "मालक, कॉम्प्युटर बंद झालाय."

"माझा हात झालाय का बंद? हललो तर जागा जाईल!"

लाईट आली तेव्हा जागाच काय, सगळं कामच गेलेलं होतं.

तर अशा चिकाटीनं त्यांनी एकेका कॅसेटमधून काकींना काढलं. साफ केलेलं वादन त्याच कॅसेटवर परत भरायचं, कारण नवी कॅसेट म्हणजे उधळपट्टी. आणि कॉम्प्युटरवरचं पुसून टाकायचं, कारण त्यात जागाच नसायची. "सांधा दावलास तर मिशी उतरवीन," असं मला आव्हान होतं. शेवटच्या कॅसेटमध्ये मी तो दाखवला. सिलेक्शन जरा उशिरा सुरू झालं होतं आणि 'आवं'च्या आधीची किणकिण तशीच राहून गेली होती. मालकांचं तोंड एवढंसं झालं. मिशीचा विषय मी काढला नाही. "उद्या काढतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकींच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

पाहुणे पांगले, मुलगा पुण्याला गेला, आणि मालकांनी कपाटातल्या सगळ्या कॅसेट काढल्या. काकींचा एक शब्द हवा होता त्यांना. एकच. आम्ही दोघं ऐकत बसलो. कुठं टक् नाही, कुठं खुंट नाही. इतकं सफाईदार काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या सफाईचाच मला असा राग आला म्हणून सांगू! मालक मध्येच टेप थांबवायचे. "हितं हुती ती," म्हणायचे. "हितं नक्की हुती."

शेवटी ती राहिलेली किणकिण लागली. मालकांनी ती कॉम्प्युटरवर घेतली, रेघ ताणली आणि तिची सुरुवात आणि शेवट अगदी नेमका धरला. जुन्या सवयीनं पुसून टाकतात की काय, या भीतीनं माझा जीव वरखाली होत होता. त्यांनी ती वाजवली. बांगड्या किणकिणल्या, आणि त्यांच्या मागं एक श्वास होता, हाक मारायच्या आधी आत घेतलेला. मला तो आधी कधी ऐकूच आला नव्हता.

"आलो, आलो," म्हणत मालक उठून उभे राहिले. मग कुठं जायचं ते न कळून तिथंच थांबले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, दोन कप आणून ठेवले. तो गार झाला तरी सांगणारं कुणी नव्हतं.