कॉटखालची जागा

इंदूकाकी कोणती साडी नेसून निघाल्यात, यावरून आमच्या चारकोपच्या सोसायटीत कळायचं, पेशंटला कुठे नेतायत. इस्त्रीची साडी म्हणजे प्रायव्हेट हॉस्पिटल. थोडी विटलेली म्हणजे ट्रस्टचं. जुनी सुती साडी आणि काखेत चटई दिसली, की मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल. मग जिन्यात कुणी फारसं बोलायचं नाही.

काकी नर्स नव्हत्या. मालवणकडच्या, गिरणीतल्या नवऱ्यामागून मुंबईत आलेल्या. शेजारचं कुणी आजारी पडलं की सोबतीला जायचं, हा त्यांचा बिनपगारी उद्योग. साड्यांबद्दल छेडलं की म्हणायच्या, "प्रायव्हेटात कापड बघून बोलतत गो. ट्रस्टात बरी नेसलंस तर सवलत नाय, आणि फाटकी नेसलंस तर दारावरचो आत सोडणा नाय."

डॉक्टर कसे आहेत, यंत्रं कोणती आहेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पेशंटच्या माणसाला कुठे बसवतात, एवढंच त्या बघायच्या. प्रायव्हेटात खाली सोफ्यावर, गार हवेत. ट्रस्टात एका पासवर एक माणूस, देणगीदाराचं नाव रंगवलेल्या बाकावर. कॉलेजात बसायला काहीच नाही, म्हणून थेट पेशंटच्या कॉटखाली. काकींच्या मते हीच सगळ्यात चांगली सोय.

काही वर्षांपूर्वी माझी आई कॉलेजच्या वॉर्डात होती. रोज सकाळी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका यायचा आणि मोठे डॉक्टर तिच्या पोटावर बोटं ठेवून त्यांना शिकवायचे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बघूंदेत गो," काकी म्हणायच्या, "इतके जण बघतत, एकाक तरी कळतलाच." आणि झोपताना कॉटखाली चटई टाकून सांगायच्या, "भियालंस तर हात खाली सोड. मी हंयच आसंय." आई हात सोडायची. खालून तो कुणीतरी धरायचं. आई त्या आजारातून उठली, आणि त्याचं श्रेय तिने कधीच औषधांना दिलं नाही.

यंदा काकींच्याच फुप्फुसात गाठ निघाली. "माका कॉलेजात ने रे," त्या मुलाला, प्रशांतला, म्हणाल्या. "खाली झोपूक कोणतरी येतलाच." पण प्रशांतकडे कंपनीचा विमा होता. जिन्यात मला गाठून तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, तिला त्या गर्दीत टाकू? आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉटखाली झोपली ती. एकदा तरी तिला नीट मिळू दे ना यार." त्याचं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही.

प्रायव्हेटच्या आयसीयूत भेटायला संध्याकाळी थोडाच वेळ, तोही एकेकाला. आम्ही बायका इस्त्रीच्या साड्या नेसून खाली सोफ्यावर बसायचो. माझी पाळी आली तेव्हा काकींच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले होते, आणि उजवा हात पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेला होता. मी सिस्टरला विचारलं, असा का बांधलाय? बिचारी भली पोरगी होती.

"काय करू ताई, आजी सारखा हात खाली सोडतात. सलाइन निघतं."

मी तो हात धरला. वेळ संपली म्हणाले, तेव्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी गेल्या. आम्ही सगळ्याजणी खाली सोफ्यावर होतो.