ज्याचं ताट त्यानं

माझ्या सासूबाई देवदर्शनाला निघोत की मयताला, त्यांच्या पिशवीत स्टीलचं एक फुलपात्र असायचंच. उसाच्या रसवाल्यापुढं त्या ते धरायच्या आणि ठणकावायच्या, "इसमें डालो, भाऊ!" त्याचा प्लास्टिकचा पेला तसाच राहायचा. सुरतेच्या साऱ्या नवागामात त्यांना जिजी म्हणत. मी जावई, तेव्हा चार शब्द जपून बोलायला हवेत. पण जिजी स्वतः कधी जपून बोलल्याचं मला आठवत नाही.

कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी पोरांसाठी त्या खाणावळ चालवायच्या. जेवलं की आपलं ताट आपण घासायचं, हा तिथला कायदा. कोणी कुरकुरलं की म्हणायच्या, "खावाले हात चालतस, धोवाले काय दुखस?" पोरं मुकाट्यानं नळाकडं जायची. कारण वाढताना या बाईचा हात कधी आखडत नसे, हे त्यांना ठाऊक होतं.

सुरतेतल्या आमच्या समाजाचं दरवर्षी एका शाळेच्या मैदानावर अधिवेशन भरायचं. भाषणं, ठराव, सत्कार, वरण-बट्टीची पंगत आणि आडून आडून सोयरिकी. प्लेगची साथ येऊन गेल्यावर कचरा म्हटलं तरी शहर दचकायचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत अधिवेशनाच्या थर्माकोलच्या ताटांनी अन् पाण्याच्या पाऊचांनी शाळेचं गटार तुंबवलं. हेडमास्तरांनी बजावलं, "आवता वरसे एक पण डिश देखाशे, तो मेदान नहीं मळे." पुढच्या वर्षी एक जरी ताट दिसलं तर मैदान गेलं, आणि मैदान गेलं की अधिवेशन गेलं. एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा आम्हाला कोण देणार होतं?

जिजींनी पदर खोचला. निमंत्रणात छापून घेतलं : येताना ताट-पेला घेऊन येणे. कार्यकारिणीतले लोक हादरले. पाहुण्यांना बोलवायचं आणि वर ताट आणा म्हणायचं? "गावना भंडाराले काय लई जातस? ताटच ना?" एवढं विचारून जिजींनी विषय संपवला. पाण्याला माठ आले. छपाईत बिघडलेल्या कापडावर टाचणीनं अक्षरं लावून फलक झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे उशांचे अभ्रे झाले. उरलेलं अन्न तबेल्यात म्हशींना जायचं होतं.

त्याच अधिवेशनाला मी नानांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, धुळ्याहून आलो. जिजींची मुलगी सुनंदा बघायला. नाना गावातले पंच. त्यांचं उष्टं ताट उचलायला घरात कायम दोन हात तयार असत. आम्ही ताटं आणली नव्हती, जिजींनी घरची दिली. नाना पोटभर जेवले, मिशीवर हात फिरवला आणि ताट तिथंच ठेवून उठू लागले.

"आठे कोनं उष्टं कोनी उचलत नही, नाना," जिजी म्हणाल्या.

"आम्ही पोरगी देखाले येल शेत, भांडा घासाले नही!"

"पोरगी देखा, जेवा, आनि ताट बी घासा."

नाना पुन्हा मांडी घालून बसले. मी त्यांचं ताट उचलायला वाकलो, तर दोघंही एकदम माझ्यावर ओरडले. माझी सोयरीक त्या खरकट्या ताटात अडकली होती, आणि मला तर सुनंदा पाहताक्षणी आवडली होती. मंडळींनी जिजींना बाजूला घेऊन समजावलं, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे, आजच्यापुरतं सोडा. जिजींनी नकारार्थी मान हलवली. भाषणं झाली, ठराव झाले, माणसं पांगली. झाडून लखलखीत केलेल्या मैदानाच्या मधोमध नाना आणि त्यांचं वाळलेलं ताट.

तेवढ्यात हेडमास्तर आले. चौफेर नजर फिरवली आणि ताटाशी थांबून ते कोणाचं म्हणून विचारलं. "आ कोनी थाळी?"

नानांची मान खाली गेली. जिजी पुढं झाल्या. "मारी छे, साहेब," म्हणाल्या आणि ताट उचलायला वाकल्या. अख्ख्या समाजाला ज्या बाईनं नमवलं, ती पाहुण्याची लाज राखायला स्वतःचा कायदा मोडत होती.

नानांनी त्यांच्या आधी ताट उचललं. "थांबा बाई. ताट मनं शे." आणि नळाकडं जात विचारलं, "काथ्या कोठे शे?"

त्या दिवशी मैदानही राहिलं आणि मुलगीही पसंत पडली. निघताना नाना गुरगुरले, "लगनमा ताट आननार नही मी." जिजी म्हणाल्या, "नका आना. पन धोनं पडी." लग्नात व्याही आणि विहीणबाई एकाच नळावर ताटं घासताना पाहून वऱ्हाडी मंडळींची हसून मुरकुंडी वळली.

जिजी गेल्या, तेव्हा अधिवेशनात ताट आणायचा नियम कधीच अंगवळणी पडला होता. तो कोणी काढला, हे नव्या पोरांना माहीतही नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांच्या तेराव्याला जेवणाचं सगळं कंत्राटदाराकडं दिलं होतं. त्यानं चकचकीत प्लास्टिकची ताटं मांडून ठेवली होती. दुःखाच्या घरात कोणाचं लक्ष गेलं नाही.

नाना धुळ्याहून काठी टेकत आले. पंगतीत बसले, समोरचं ताट बाजूला सारलं आणि पिशवीतून स्वतःचं काढलं. जेवण झाल्यावर सुनंदानं ते घ्यायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे, माय," नाना म्हणाले. "जेवन कोनं शे, इसरनी का?"

आणि काठी माझ्या हातात देऊन ते नळाकडं निघाले.