दारात आलेल्याचं औक्षण

सकाळी मतं मागत फिरणारा एक उमेदवार दारात आला. मी बायकोचं ताट काढलं, निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. ती जाऊन अजून वर्ष व्हायचंय. ती होती तेव्हा कुठल्याही पक्षाचा माणूस येवो, ओवाळल्याशिवाय सोडायची नाही.

चहाच्या टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली होती. "काय आबा, भक्त झालात म्हणं!" नामा ओरडला. मागं दुसऱ्या पक्षाच्या माणसाला पाणी दिलं, तर ह्याच नामानं मला पुरोगामी करून टाकलं होतं.

मी चौथी नापास. पण माझ्या आईला गाव भक्त म्हणायचं, तेव्हा तो शब्द मानाचा होता. पुरोगामीही कधी चांगलाच असणार. आता बैलाला डाग द्यावा तसे हे शब्द माणसाला देतात. एकदा डाग दिला, की त्याचं म्हणणं ऐकायचं कामच उरत नाही.

माझ्या बायकोलाही गावातल्या बायका विचारायच्या, "तू नक्की कुणाची गं?" ती म्हणायची, "मत पेटीत टाकीन. दारात आलाय तो पाहुणा."

मी नामाला म्हणालो, "उद्या सकाळच्या उमेदवाराचा विरोधक येतोय. त्यालाही ओवाळणार. मला नवा शब्द शोधून ठेव."

घरी येऊन वात वळली. तिच्यासारखी जमत नाही. पण जळते.